तुरटीचं पाणी

बाबा, तुमच्या त्या माशांच्या काचेच्या पेटीबद्दल लिहायला बसले आहे. सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली होती, नागपुराहून बरणीतून सहा लाल मासे आणले होते, आणि ओसरीत पेटी अशी मांडली होती की रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलीच पाहिजे. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तुम्ही कळंबच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होता आणि तालुक्यातले एकमेव शास्त्रज्ञ असल्याच्या थाटात चालत होता. माशांना खायला घालणं, पाणी बघणं ही काही शास्त्रज्ञाची कामं नव्हेत. ती आई करायची.

आईची रीत साधी होती. विहिरीचं पाणी आदल्या दिवशी घागरीत भरून ठेवायचं, सकाळी पेटीतलं दोन तांबे काढायचं आणि घागरीतलं दोन तांबे घालायचं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर तिसरा तांबा. आपल्याकडे पिण्याचं शिळं पाणी रोज पहाटे फेकलं जायचं, म्हणून तुम्हाला हा गलिच्छपणा वाटायचा. "घरात शिळं पानी चालत नाही, अन् माशायले चालते?" म्हणून तुम्ही हसलात. आई म्हणाली, "आपन पानी पेतो. थे पान्यातच रायते." कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, पण पाण्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुले काय समजते त्यातलं!"

मग शाळा तपासायला साहेब यायचे ठरले, आणि चहाला आपल्या घरी. त्या दिवशी सकाळी तुम्ही पेटी पार रिकामी केलीत आणि काचा घासल्यात. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून पन्हाळीखालच्या पिपातलं पावसाचं पाणी भरलंत. ते होतं गढूळ. मग तुरटीचा खडा गरगर फिरवलात, निवळेना म्हणून आणखी एक. विहिरीच्या पाण्यात चुना असतो, तुरटीचा आंबटपणा ते बरंचसं सोसून घेतं. पावसाच्या पाण्यात सोसायला काहीच नसतं. जड पाण्याचा धडा तुम्ही दरसाल शिकवत होता, बाबा. दुपारपर्यंत पाणी आरशासारखं झालं आणि सहाही मासे उलटे तरंगायला लागले.

आई तेव्हा अडचणीची होती, तीन दिवस मागच्या पडवीत बसून. तुम्ही तिच्यापुढे जाऊन उभे राहिलात. "तू बाजूले बसली होती ना? मंग ओसरीत काहून आली?"

"मी नाही आली जी."

"मंग सावली पडली असन."

ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ, असं फळ्यावर खडूनं काढून दाखवणारा माणूस हे बोलत होता! संध्याकाळी साहेबांनाही तुम्ही तेच सांगितलंत, जरा शुद्ध भाषेत: घरातल्या स्त्रियांचं अज्ञान. साहेबांनी बशीतला चहा फुंकत मान डोलावली. अडाणी माणसाची मला कीव येते. तुमची कधी आली नाही, अजूनही येत नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. मॅट्रिकला पहिली आले म्हणून तुम्ही मला लिटमस कागदांची छोटी वही दिली होती. मासे उकिरड्यावर टाकायला तुम्ही गेलात तेव्हा त्यातला एक निळा कागद मी पेटीत बुडवला. बघता बघता तो लाल झाला. मी तो सुकवून वहीत ठेवून दिला. मला अमरावतीला सायन्सला पाठवायचं की नाही, हे तुम्ही त्याच आठवड्यात ठरवणार होता.

आई चौथ्या दिवशी न्हाऊन आत आली आणि चुलीपाशी बसून तिनं मला हळूच विचारलं, "खरंच माह्यानं मेले का वं थे?" मी भाकरीकडे बघत होते. म्हटलं, "मले काय मालूम." त्यानंतर तुम्ही आणखी दोनदा मासे आणलेत, तेही मेले, आणि आई त्या पेटीकडे फिरकली नाही. मी अमरावतीला गेले. आई गेली तेव्हाही तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्हाला लिहिणं सोपं जातं, बाबा, तुमचा राग येतो आणि हात चालतो. आईला लिहायला तीनदा बसले. "तो कागद माझ्याजवळ होता" यापुढे एकदाही गेले नाही.