गोचिडीनंतरचे दिवस

३ मे

बाबांच्या गुडघ्यामागे गोचीड. जमिनीची मोजणी करत दिवसभर गवतातून हिंडतात, तिथेच चिकटली असणार. आईने शिवणयंत्र थांबवलं, चष्मा सारखा केला आणि बोटांनी उपटली. मग उवेसारखी नखावर रगडली. रक्त उडालं. "फुकटचं पिऊन माजली होती," म्हणाली. हात फडक्याला पुसले, पुन्हा शिवायला बसली.

४ मे

डॉक्टरांना फोन केला. "दिसायला कशी होती?" मला सांगता येईना. गोचिडीच्या जातीप्रमाणे आजार वेगळा, म्हणाले. एकीमुळे ताप आणि मनगटावर पुरळ. दुसरीमुळे सांधे धरतात. एखादीमुळे अंगातून रक्त जायला लागतं. डबीत ठेवायला हवी होती.

आई मागून— "डबीत ठेवायला ती काय दागिना आहे?"

दोन आठवडे बाबांवर लक्ष ठेवायचं.

५ मे

ताप नाही.

७ मे

मनगटावर लाल ठिपके. त्यांचा हात ओढतच खिडकीपाशी नेला. "अगं, कुंपणाची तार लागली," बाबा म्हणाले. तारच असावी. ओरखडा सरळ रेषेत आहे. तरी उन्हाळी वर्गाचे निबंध तपासताना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. पोराने काय लिहिलं होतं, आठवत नाही.

९ मे

ताप नाही. आई येता-जाता त्यांच्या कपाळाला हात लावते. आज बाबा वैतागले. "मी काय इस्त्री आहे, तापली का बघायला?"

"इस्त्री निदान कामाला येते."

दोघं हसली. मलाही हसू आलं. पण आई लगेच आडवी झाली. डोळे दुखतात म्हणाली. काळ्या कापडावर काळा दोरा, दुखणारच.

११ मे

सकाळी आईने बाबांच्या कपाळाला हात लावला. "गार पडलात तुम्ही," म्हणाली. घाबरली होती. बाबांनी तो हात धरूनच ठेवला. "मी गार नाही. तू तापली आहेस."

डॉक्टरांनी एवढंच विचारलं— गोचीड चिरडली कुणी? हाताला जखम होती का? सुया टोचून टोचून आईच्या बोटांची चाळण झालेली असते. कायमच.

रुग्णवाहिका निघाली आहे. आई अजून बाबांचीच पिशवी भरते आहे.