दोघांचा पहिला फोटो

रविवार, १४ तारीख

ढब्ब्या,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझे भाऊजी गुडघ्याच्या नावाने दिवसभर कण्हतात, चहा झाला की मात्र टुणकन उठतात. दुकानात स्कूटरच्या सीटांचा ढीग लागलाय. नवा कारागीर रेक्झिन कापतो की उंदीर कुरतडतो, देव जाणे. तुझी कात्री मी त्याला देत नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. "हॉस्पिटलातून सुटी देतायत, पण माझा मेंदूच वेगळा आहे, ताई. मी इथेच बरा." वाचून माझं डोकंच फिरलं.

आता ऐक. सांगणार नव्हते. मागे तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं होतं. ज्यांना कुणी नसताना आवाज ऐकू येतात, त्यांची सख्खी भावंडंही अभ्यासासाठी तपासतात म्हणे. मीही त्या मेंदूचा फोटो काढणाऱ्या मशीनच्या नळकांड्यात पडून आले. काय तो खडखडाट! वर परीक्षा. बाई शब्द वाचणार, मी परत म्हणायचे. निम्मे गळाले. "तुमच्या भावाचंही असंच होतं, घाबरू नका." म्हटलं, "घाबरत नाही, राग आलाय."

मग बाईंनी पडद्यावर आपली दोन डोकी शेजारी शेजारी लावली. मधली पोकळ जागा तुझी जरा मोठी. माझीही. कुठलं कुणाचं, मला ओळखता येईना.

"म्हणजे मलाही आवाज येणार?"

"एका फोटोवरून कुणाचंच काही ठरत नाही, ताई. शेकडो एकत्र बघितले की कुठे थोडा फरक दिसतो."

मग काढलात कशाला, म्हटलं! हसल्या.

घरी येऊन दोन दिवस मी दुकानात फिरकलेच नाही. भाऊजींना वाटलं, ताप आलाय. भीती वाटली रे. कुणाला बोलले नाही.

पण आपला दोघांचा एकत्र फोटो आहे का कुठे? लहानपणी काढणार कोण होतं? हा पहिलाच. त्यात आपण सख्खे दिसतो. आणि तू म्हणतोस, मी वेगळा!

गोळ्या चुकवू नकोस. चार कामं एका दमात सांगितली की तुझा गोंधळ होतो, असं बाई म्हणाल्या. एकेक सांगेन. तोंड आवरताना मला त्रास होईल, होऊ दे. शनिवारी भाऊजी न्यायला येतायत. त्यांच्या गुडघ्याला दुसरी फेरी पाडू नकोस.

कात्रीला तेल दिलंय.

तुझ्याच डोक्याची,
ताई