शेपटी वरच होती

राई, एप्रिल १९७०

प्रिय दादा,

'पोरी, मना कशाला मारला गं? माझा काय चुकला?' सरूबाईनं इस्पितळात मला हे विचारलं. परवा ती गेली. कोठडीत तुला हे कुणी सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणून आधी तेच लिहिते.

आई जेवत नाही. वहिनी मुलांना घेऊन वरसाव्याला माहेरी गेलीय. बांधावर सरूबाईच्या झोपडीचे जळके वासे तसेच पडलेत. तिकडून वारा आला की घरभर वास येतो आणि बाबा दार लावून घेतात.

तू शाळा सोडून मिठागरावर राबलास म्हणून मी बी.एस्सी. झाले, हे मी कधीच विसरणार नाही. दुर्बिणीची भिंगं तूच चोरबाजारातून शोधून आणलीस, सागवानी तिवई तूच तासलीस. पहिल्यांदा चंद्र बघितलास तेव्हा पोट धरून हसला होतास. 'दुर्गे, ससा डोक्यावर उभा ऱ्हायलाय, त्याला खाली उतरव!' मी तुला समजावलं की या भिंगांतून सगळं उलटं दिसतं. मग जो येईल त्याला तूच चिडवायचास, 'आधी डोक्यावर उभे ऱ्हा, मंग बघा.'

धूमकेतू आला तेव्हा मला वाटलं, लोकांनी तो जवळून पाहिला तर भीती जाईल. पहाटे सगळी आळी अंगणात जमायची. प्रत्येकाला मी सांगत होते, नुसत्या डोळ्यांनीही बघा, शेपटी वर आहे. दुर्बिणीत ती खाली दिसते एवढंच. त्याच आठवड्यात राघोचं तान्हं बाळ हगवणीनं गेलं. राघो ऊर बडवत होता, आमच्यावरच हे का, म्हणून विचारत होता. तेव्हा तू पुढे झालास. 'दुर्बीण खोटं बोलंल का? माझी भैण ग्रॅज्वेट हाय! शेपटी सरूबाईच्या छपरावर उतरली, मी माझ्या डोल्यांनी बघितली. हिनंच पोर खाल्लं.'

मी ओरडून सांगत होते. माझ्याच शिक्षणाचा दाखला देऊन तू माझं तोंड बंद केलंस.

मग तुम्ही तिला केसांना धरून बांधावरून ओढत आणलंत. तिचं लुगडं काट्यांत अडकून फाटलं. कुणी वल्हं घातलं, कुणी दगड. तू तिवईचा पाय मोडून घेतलास. मी तुझ्या हाताला लोंबकळले तर मला ढकललंस. माझा ओठ फाटला, दोन दात गेले. तिनं डोकं वाचवायला हात वर केला आणि तू त्या हातावरच मारलंस. मग डोक्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. छप्पर पेटलं तेव्हा तिच्या कोंबड्या आत होत्या.

राघो दुःखानं वेडा झाला होता, बाकीचे घाबरले होते. तू घाबरला नव्हतास, दादा. मुंबईच्या शेटला आपली आणि तिची जागा मिळून एकच तुकडा हवा होता, आणि ती विकत नव्हती. शेपटी कुठे आहे हे आळीत माझ्याखेरीज तुलाच नक्की ठाऊक होतं.

फौजदारांनी घरोघर विचारलं. सगळ्यांचं एकच: अंधार होता, आम्ही काही बघितलं नाही. कुणी बोललं नसतं तर आज तुम्ही सगळे सुटणार होतात. बोलू नकोस म्हणून बाबांनी माझे पाय धरले. बापानं लेकीचे पाय धरलेले मी पाहिले आणि तरी ते सोडवून घेतले.

हे पत्र माफीसाठी नाही आणि तुला विचारण्यासाठीही नाही. कोर्टात परक्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. काल मी भाईंदरच्या चौकीत जाऊन जबानी दिली. पहिलं नाव तुझं सांगितलं, तुला सगळं ठाऊक होतं हेही सांगितलं, आणि खाली सही केली.

तरीही तुझीच,
दुर्गा