कडता वजा जाता

१९ जानेवारी १९५८, अकोला
ही वही एक तारखेपासून लिहायची होती. पहिले चार दिवस टाक सापडला नाही. सापडला तर दौत वाळलेली. मग माझा दोस्त जानराव भेटला. त्याच्यासंगं चांदूर रेल्वेला शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) पाहायला गेलो, तिथं आठ दिवस कुठं गेले समजलं नाही. बैल चांगले होते. भजे त्याहून चांगले. असो. आजपासून रोज.

मुद्दा असा: फॉरेस्ट गार्डची भरती. उंची पास, छाती पास. वजन १८४ पौंड. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "एवढं घेऊन मेळघाट चढशील कसा? पंधरा फेब्रुवारीला १७० च्या आत ये, सही करतो. नाही तर नाव खोडतो." पोस्टिंग चिखलदऱ्याला. खाकी ड्रेस, क्वार्टर, जंगल, डोक्यावर कोणी नाही. मी याच नोकरीसाठी जन्मलो. मॅट्रिकला तीनदा बसलो ती चूक.

मामांना (खुशालराव, यांच्याकडेच जठारपेठेत मी तात्पुरता, दोन वर्षांपासून) सांगितलं. म्हणतात, "चौदा पौंड? एवढा तं तू नाश्ताच करतं."

२१ जानेवारी
कुस्तीचा निकाल पाहायला वाचनालयात गेलो. जुन्या मासिकात एक लेख दिसला. खाणं हेसुद्धा व्यसन असू शकतं! परदेशात उंदरांवर एक्सपेरिमेंट झाले. तेलकट-गोड समोर ठेवलं की पोट भरलेला उंदीरही खातच राहतो. म्हणजे ही भूक पोटात नाही, मेंदूत आहे. माणसाचा दोष नाही! डोळ्यांत पाणी आलं. चोवीस वर्षं लोक मला खादाड म्हणून राहिले. कुस्तीचा निकाल पाहायचा राहिला.

मामीला सायन्स समजावलं. मामी म्हणते, "मंग पोटाले उठव अन् मेंदूले पाटावर बसव. सातवी पोळी त्याच्याच ताटात वाढते." समजच नाही. पोळी चांगली होती.

२४ जानेवारी
अफूवाल्याची अफू एकदम तोडत नाहीत, डोस हळूहळू कमी करतात. (लेखाचं शेवटचं पान कोणी तरी फाडून नेलं आहे. हा भाग मी तर्कानं भरला.) माझा डोस म्हणजे ओमप्रकाशच्या हॉटेलातली कचोरी. रोज एक कमी करायची. पण कमी करायला आधी आकडा तर मोठा पाहिजे. म्हणून आज बारा खाल्ल्या. ओमप्रकाश विचारतो, "भैया, शर्त लगाई क्या?" उद्या अकरा.

२५ जानेवारी
अकरा. प्रोग्रेस.

२६ जानेवारी
झेंडावंदन. जिलबी वाटली. जिलबी कचोरीत मोडत नाही.

२७ जानेवारी
आकडा विसरलो. पुन्हा बारापासून.

३ फेब्रुवारी
मामांच्या जिनिंगवर (कापसातून सरकी काढायचा कारखाना) गेलो. मामा तिथं मापारी. कापसाच्या काट्यावर बसलो. १८९. घाबरलो नाही. तेवढ्यात एका शेतकऱ्याची गाडी मोजायला आली. ओल, माती, पत्ती यांच्या नावानं वजनातून कडता कापला. शेतकरी ओरडला, पण कापला. मनात आलं, कापसाले कडता, मग माणसाले काहून नाही? सकाळपासून दोन तांबे पाणी प्यालो होतो, ती ओल. कोट आणि वहाणा, ती पत्ती. जेवण पचायचं होतं. म्हणजे ते अजून माझं झालेलंच नव्हतं. एकूण कडता सोळा पौंड. शुद्ध वजन १७३!

मामा म्हणतात, "इतका कडता तं आमचा शेठबी नाही कापत, लेका."

१० फेब्रुवारी
काल मामांचे दोस्त वामनराव, त्यांच्या पोरीच्या लग्नाची पंगत. मी "नको" म्हटलं. तीनदा म्हटलं. पण आपल्याकडं पंगतीत नको म्हणजे वाढा. चौथ्यांदा म्हणणं उद्धटपणा झाला असता. बुंदी.

काट्यावर १९२. पंगत धरून कडता तेवीस. शुद्ध १६९! झालं काम. आईला (गावी एकटीच असते) कार्ड टाकलं. निवड झाली असं खोटं लिहिलं नाही. झाल्यातच जमा, असं लिहिलं. क्वार्टरच्या दोन खोल्यांचंही लिहिलं.

१५ फेब्रुवारी, अमरावती
डॉक्टरांच्या काट्यावर १९४. मी कडत्याचा कागद पुढं केला. जिनिंगच्या पावतीवर, रीतसर, बाबवार. डॉक्टरांनी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. म्हणाले, "यात सरकी वजा करायची राहिली." कंपाउंडर खुर्ची धरून हसला. मग डॉक्टरांनी माझ्या नावावर आडवी रेघ ओढली आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर आलो. भूक नव्हती. खरंच नव्हती. तरी हातगाडीपाशी उभा राहिलो आणि दह्यातले चार गिले वडे खाल्ले. चव लागली नाही, तर अजून दोन घेतले. त्यांचीही लागली नाही. हे लेखात नव्हतं. फाटलेल्या पानावर असेल.

१७ फेब्रुवारी, अकोला, दुपारी
शांतपणे विचार केला. डॉक्टर जुन्या सायन्सचे आहेत. पुढची भरती दोन वर्षांनी. तयारीला भरपूर वेळ. उद्यापासून कडक उपास. आज नको, आज सोमवार आहे आणि मामीनं साबुदाणा भिजवला आहे.

आईला कळवायचं कार्ड तीनदा सुरू केलं. "प्रकृतीच्या कारणानं" इथपर्यंत येतं. मामांना परवाच सगळं सांगून झालं.

दाराशी टांगा थांबला. वामनराव असतील.

आई आहे. वळकटी, ज्वारीचं पोतं, स्टोव्ह आणि पाटा-वरवंटा उतरवून राहिली. गावचं घर भाड्यानं देऊन आली. "जंगलात माह्या पोराले कोण रांधून घालीन?" असं टांगेवाल्याला सांगते आहे. मामा पोतं धरायला धावले. त्यांना विचारते, "भाऊ, चिखलदऱ्याची मोटार किती वाजता हाय?"