किरकोळ

प्रिय छोट्या,

रविवारी फोनवर बाबा तुला 'किरकोळ' म्हणाले आणि तू पोट धरून हसलास. एवढं मोठं दुखणं अंगावर घेऊनही गडी किरकोळ म्हणतो, असं तू तुझ्या कारखान्यातल्या मित्रांनाही सांगितलंस म्हणे. तेव्हा मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसून राहिले. हे तुला फोनवर सांगता आलं नसतं. तू मध्येच 'जाऊ दे ना ताई' म्हणाला असतास आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. कागदाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

आधी बाबांची खबर. उजवा पाय आता टेकतो, भिंतीला धरून खिडकीपर्यंत जातात. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की मांडीवरच राहतो. आईने त्यांचं शिलाई मशीन चादरीने झाकलं होतं, ती चादर त्यांनी डाव्या हाताने ओढून काढली. आता रोज सकाळी मशीनसमोर बसून एका जुन्या सदऱ्याला बटण लावायची खटपट चालते. दोऱ्याचा गुंता होतो, आई सोडवते, ते पुन्हा करतात. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस एका बटणाशी झुंजतो आहे, आणि त्या खोलीत मला पाच मिनिटं बसवत नाही. शब्द अजून तेवढा एकच. पाणी हवं असलं तरी किरकोळ, पडदा ओढायला सांगायचा असला तरी किरकोळ. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, असं होतं. सगळे शब्द जातात आणि एखादाच कुठेतरी अडकून राहतो. हाच का राहिला, ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

तू आईशी बोलणं टाकलंस त्याला आज नऊ आठवडे झाले. माझ्या नंबरवर फोन करतोस आणि बाबांना दे म्हणतोस. बाबांना फोन धरता येत नाही, तो आईच धरते. व्हिडिओत पडद्याच्या कडेला तुला एक अंगठा दिसत असेल, तो तिचा. हात भरून आला तरी हूं की चूं करत नाही, कारण तिचा आवाज आला की तू फोन आवरता घेतोस हे तिला कळून चुकलंय.

माझं काम तुला माहीत आहे, पण ते करताना तू मला कधी पाहिलं नाहीस. इमर्जन्सीच्या दारातलं पहिलं टेबल माझं. येणाऱ्याला बघायचं, चार प्रश्न विचारायचे, मग त्याला आत पाठवायचं, बाकावर बसवायचं, नाहीतर जवळच्या साध्या दवाखान्याची वाट दाखवायची. सगळे मला 'चाळण' म्हणतात. मला त्याचा राग नव्हता, उलट मिरवायचे. दवाखान्यात भागण्यासारखं दुखणं असलं की मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे, किरकोळ. कान ठणकतो, किरकोळ. बोटात काटा गेला, किरकोळ. राईचा पर्वत करणाऱ्यांवर जाता जाता तोंडसुखही घ्यायचे. डॉक्टर हसायचे, आणि ते हसले की मला बरं वाटायचं. घरीसुद्धा तेच. फ्रिजवर मी लावलेला तक्ता तुला आठवत असेल, कशासाठी घरी थांबायचं, कशासाठी दवाखाना, कशासाठी थेट हॉस्पिटल. बाबा त्याला 'ताईचा कायदा' म्हणायचे आणि शिंक आली तरी त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे.

बाबांना झटका आला त्या दिवसाच्या तीन आठवडे आधीची दुपार. बाक माणसांनी भरलेला. मान वर केली तर रांगेत बाबा, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. माझे वडील म्हणून पुढे आले नाहीत, आपला नंबर येईपर्यंत उभे राहिले. म्हणाले, कापड बेतताना उजव्या हाताला मुंग्या आल्या, कात्री निसटली, दहा मिनिटांत थांबलं, आता काही नाही. छोट्या, आलेल्या आणि आपोआप गेलेल्या मुंग्या हीच पहिली हाक असू शकते, तिला कधी हलकं धरू नका, हे मी नवीन मुलींना शिकवते. अनोळखी माणूस असता तर मी त्याला हसून दाखवायला सांगितलं असतं, दोन्ही हात वर करायला लावले असते आणि आत पाठवलं असतं. बाबांना एक प्रश्न विचारला नाही. सगळा बाक माझ्याकडे बघत होता. घरच्या माणसाला पुढे घुसवलं असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात. जगाचं 'आपला तो बाब्या' असतं, माझं उलटं झालं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात नेहमीचा शब्द लिहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, बाबा, हे किरकोळ आहे, इथे खरी आजारी माणसं येतात. कुणीतरी हसलं. बाबांनी चिठ्ठीची नीट घडी करून खिशात घातली, बाकावरच्या माणसांना 'माफ करा हं, तुमचा वेळ घेतला' म्हणाले आणि गेले. ती चिठ्ठी मला परवा त्यांच्या बटणांच्या डब्यात सापडली. मी ती तिथेच ठेवली आहे.

आता तो दिवस. तुला एवढंच माहीत आहे की आईने बाबांना आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, तिथे नंबर लावून बसली आणि त्यात चार तास गेले. ते खरं आहे. पण त्याआधीचं कुणी तुला सांगितलं नाही. दुपारी एक वाजता आईने पाहिलं की बाबांनी अंगातल्या सदऱ्याची बटणं एक घर सोडून लावली आहेत. दुसऱ्या कुणाच्या घरात हसण्यावारी गेलं असतं. शिंप्याच्या बायकोला ते बघूनच धस्स झालं. तिने विचारलं तर बाबा हात झटकून किरकोळ म्हणाले, आणि तेही तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं. तिने तक्ता बघितला नाही. तिने मला फोन केला. म्हणाली, अगं, यांनी बटणं चुकीची लावलीत. मी पुढचं ऐकलंच नाही. बटणांसाठी मला कामावर फोन करू नकोस, फारच वाटलं तर दवाखान्यात ने, असं म्हणून फोन ठेवला. माझ्या टेबलासमोर तेव्हा तिघेच जण होते.

दवाखाना चारला उघडतो. सकाळीच दहा जण नंबर लावून गेले होते, त्यांचा अकरावा होता. आईने कुणाला ओलांडून पुढे जायचं नाव काढलं नाही, कारण घुसणाऱ्यांबद्दल मी घरी काय काय बोलते ते तिने वर्षानुवर्षं ऐकलंय. तिथल्या डॉक्टरांनी दारातूनच बाबांचा चेहरा बघितला आणि अँब्युलन्स बोलावली. स्ट्रेचर माझ्याच टेबलापाशी आलं. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. आतल्या डॉक्टरांनी चिडून विचारलं, इतका उशीर का केलात? आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, मला कळलंच नाही हो, माझं चुकलं. मी शेजारी उभी होते आणि मूग गिळून गप्प बसले.

तू चार दिवसांसाठी आलास तेव्हा फाइल चाळलीस आणि त्यातली एक ओळ आईसमोर धरलीस, 'नातेवाइकांनी रुग्णाला आणण्यास विलंब केला.' त्या ओळीवरून तू कॉरिडॉरमध्ये तिला काय काय बोललास ते मी ऐकलं. तिने मान खाली घातली, आणि मी तुला पाणी आणून दिलं. छोट्या, माझ्या वह्यांतून गृहपाठ उतरवत तू मोठा झालास, तरी ते अक्षर तुला ओळखू आलं नाही. ती ओळ मी लिहिली आहे. आई समोर उभी असताना, तिचं वाक्य संपायच्या आत. आजवर तिने ना तुला सांगितलं, ना मला विचारलं. काल मी आमच्या मेट्रनबाईंना सगळं लेखी दिलं, त्याचं जे व्हायचं ते होवो. मला माफ कर असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. एकच कर. या रविवारी फोन आईच्या नंबरवर कर, आणि बाबांना दे म्हणायच्या आधी तिला विचार, तू कशी आहेस. ती म्हणेल, काही नाही रे, किरकोळ. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई