उजवीकडचे उलटे आटे

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

योगराज वाचला. आज एवढंच लिहितो.

१७ जानेवारी

रविवारी सकाळी निघालो. मी माझ्या हिरव्या एमजीत, योगराज त्याच्या लाल ट्रायम्फमध्ये — दोन्ही जुन्या विलायती, बिनटपाच्या, दोन सीटच्या गाड्या. फुलचूर नाक्यापासून देवरीपर्यंत, दर जानेवारीला, एकतीस वर्षं. शर्यत नाही, फिरायला चाललो, असं बायकांना सांगायचं — आणि बायकांनी विश्वास ठेवल्यासारखं करायचं. ज्याचं बॉनेट वाटेत आधी उघडेल तो हरला. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची गाडी धुवायची, तीही भर चौकात, लोकांसमोर. गेल्या वर्षी मी धुतली. योगराज खुर्ची टाकून बसला होता आणि बोटाने दाखवत होता — तिथं राहिलं, तिथं राहिलं!

यंदा आमगाव मागे पडलं. मी पुढे होतो. आरशात पाहिलं तर लाल गाडी नाही. म्हटलं, उघडलं बॉनेट! हसलोसुद्धा. मग वळवली आणि परत गेलो. गाडी रस्त्याखाली शेताच्या धुऱ्याला आडवी, कुशीवर पडलेली. मागचं उजवं चाक शंभर हात लांब, धानाच्या कापणी झालेल्या बांधीत. योगराज बाहेर फेकला गेलेला. शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "खड्डा दिसला नाही बे."

खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाहून त्याच रात्री नागपूरला हलवला.

२१ जानेवारी, रविवार

नागपूरला जाऊन आलो. ऑपरेशन झालं, सळई टाकली. एक पाय आखूड राहणार. ट्रायम्फची सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. तिच्यात तो आता बसू शकणार नाही हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

त्याचा मुलगा दुर्गेश बाहेर भेटला. त्यांची राईस मिल आता तोच बघतो. चांगला पोरगा आहे, पण बापाच्या गाडीचा त्याला पहिल्यापासून राग. म्हणाला, "काका, अब बस. बाबाले दिसत नाही आता. खड्डा दिसला नाही म्हणे. उद्या मिलच्या पट्ट्यात हात देईल तो." मी मान हलवली. ट्रायम्फ भंगारात देणार म्हणत होता. एक महिना मागून घेतला. म्हटलं, मी उभी करतो.

कशी उभी करणार देव जाणे.

३ फेब्रुवारी

ट्रायम्फ माझ्या शेडमध्ये आली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, चारा लादावा तशी लादून. दोन्ही गाड्या पुन्हा शेजारी. ब्याण्णव साली अशाच आल्या होत्या — हावड्याकडून मालगाडीने, कुण्या चहा कंपनीच्या साहेबांच्या, भंगार म्हणून. योगराजने उचलल्या. मी तेव्हा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा मास्तर. त्याने विचारलं, यातली एक तरी चालेल का? मी म्हटलं, दोन्ही चालतील, एक मला दे. असा सौदा!

चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाकली आहे. सुतळी ताणून मोजलं. मागून तीन बोटं डावीकडे. इथे कुणाकडे ती सरळ करायचं साधन नाही. नागपुरात असेल, पण ते लोक या गाडीला हात लावणार नाहीत, हसतील. एका जणाला फोन केला तर तो म्हणाला, शोकेसमध्ये ठेवायची आहे का काका? शिकवायला गेलो असतो त्याला! पण खरं तर तोच बरोबर बोलला.

४ फेब्रुवारी

दिवसभर नुसता गाडीकडे बघत बसलो. बायको वच्छला दोनदा चहा घेऊन आली, दोनदा थंड झालेला परत घेऊन गेली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे पाहिलं ते लिहितो. लिहिल्यावर निदान ते एका जागी राहील.

मागचं डावं चाक काढायला बसलो. या गाड्यांची चाकं तारांची. चार-पाच नट नसतात, मधोमध एकच मोठा, दोन कानांचा. तांब्याच्या हातोड्याने कानावर ठोकून बसवायचा, ठोकूनच काढायचा. मी हातोडा घेतला आणि नट हातानेच फिरला. सैल होता. चाक निखळलं ते उजवं, मग डावा सैल का?

आटे पाहिले. उलटे.

डावीकडे सरळ आटे असतात, उजवीकडे उलटे. कारण चाक पुढे फिरताना नट आपोआप कसत जावा. बाजू बदलली की उलट होतं — चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला नट केसभर सैल. चाळीस, पन्नास किलोमीटर, आणि चाक तुमच्या आधी देवरीला. हे मी पोरांना फळ्यावर चित्र काढून सांगायचो. छडी घेऊन विचारायचो.

डिसेंबरात दोन्ही गाड्यांच्या मागच्या चाकांची कामं मीच केली. याच शेडमध्ये. ज्या दातेरी हबवर चाक बसतं ते चारही हब — माझे दोन, योगराजचे दोन — एकाच डब्यात डिझेलमध्ये धुतले. बसवताना त्याचा उजवा डावीकडे, डावा उजवीकडे गेला. नट ज्या बाजूला फिरला त्या बाजूला फिरवला. हात शिकलेले, डोकं कुठे होतं कोण जाणे! त्यानंतर गाडी फक्त मिलच्या आवारात फिरली, म्हणून कळलं नाही.

आणि त्या सकाळी? आमची रीत आहे — निघण्याआधी त्याच्या गाडीचे नट मी ठोकायचे, माझे त्याने. स्वतःच्या गाडीवर माणूस डोळेझाक करतो म्हणून. मी ठोकले, नेहमीच्या बाजूला. मागचे दोन्ही नट दोन बोटं सरकले. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, बसले घट्ट. मी ते सैल करत होतो.

खड्डा नव्हताच.

१० फेब्रुवारी

वच्छलाला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी

हब पुन्हा पाहिले. पुन्हा तेच. चष्मा बदलून पाहिले!

१८ फेब्रुवारी, रविवार

योगराजला गेल्या आठवड्यात घरी आणलं. त्याच्या गावी, कामठ्याला गेलो. वाटेत ठरवत गेलो — दारातच सांगायचं, बसायच्या आधी.

अंगणात बाजेवर होता. दाढी वाढलेली, शेजारी वॉकर. दुर्गेशने स्कूटरची किल्ली काढून घेतली आहे, मिलच्या ऑफिसातही जाऊ देत नाही. आणि हा भांडला नाही! जो माणूस एका स्पार्क प्लगसाठी माझ्याशी आठवडा आठवडा बोलायचा नाही, त्याने किल्ली गुपचूप देऊन टाकली.

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. म्हणाला, "केवळराम, ती तारीख वाचून राहिलो मी. अठरा, रविवार, आन् खाली बारीक, सन दोन हजार चोवीस. बरोबर हाय का?" पंधरा फुटांवरून अगदी बारीक अक्षरं, सगळी बरोबर. मी म्हटलं, बरोबर आहे. तो म्हणाला, "तुक्का लागला. खड्डा एवढा मोठा असंल आन् मले दिसला नाही."

त्याची बायको सुशिलाबाई आतून बाहेर आल्या. जेवण सोडलंय म्हणाल्या, दोन घास खाल्ले की ताट सरकवतो. गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू नाही, डोळे या वयाला ठणठणीत. आणि हा म्हणतो, डॉक्टरलेच दिसत नसंल.

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चहा प्यालो आणि उठलो. हरामखोर मी. दुसरा शब्द नाही.

१९ फेब्रुवारी

सांगितलं तर काय होईल? त्याला त्याचे डोळे परत मिळतील. मिल मिळेल. दुर्गेशला तोंड वर करून बोलता येईल. आणि मला? अख्ख्या जिल्ह्यात पोरं अजून केवळराम सर म्हणून पाया पडतात. पण ती भीती खरी नाही, उगाच मोठेपणा करतोय. भीती एकच. दर रविवारी सकाळी फोन वाजतो आणि तो म्हणतो, "चालू झाली का तुही डबी?" तो फोन पुन्हा येणार नाही.

तसा पाच रविवार आलेलाच नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा निघालो. कामठ्याच्या फाट्यावर थांबलो, पानठेल्यावर उभा राहिलो, परत आलो. घरी सांगितलं, योगराज झोपला होता.

२८ फेब्रुवारी

सुशिलाबाईंचा फोन. योगराजने दुर्गेशला सांगितलं — मिलचे कागद तुझ्या नावावर करून घे, माझ्या हातून काही व्हायचं नाही आता. रडत होत्या. "भाऊजी, तुमचंच आयकतो तो. येऊन जा न एकदा."

वच्छला शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर मी तिला सगळं सांगितलं. हब, डबा, आटे, हातोडा. ती सुपात तांदूळ पाखडत होती. थांबली नाही, पाखडतच राहिली. सूप रिकामं झाल्यावर म्हणाली, "मंग सांगून या न त्याले. बसून कायले राहिले?"

तिच्यासाठी किती सोपं! नाही, तिच्यासाठीही सोपं नसेल. सुशिलाबाई तिची मैत्रीण आहे.

१ मार्च

ट्रायम्फ उभी होणार नाही. आज मान्य केलं. चेसिसला चीर आहे, पुढच्या सांध्याजवळ, रंगाखाली दिसली नव्हती. वेल्डिंग केलं तरी पहिल्या धक्क्याला उघडेल. दुर्गेशला फोन करून सांगितलं, घेऊन जा. तो बरं म्हणाला. मग म्हणाला, "काका, बाबाले तुम्हीच सांगा." सगळ्यांनी सगळं मीच सांगायचं!

३ मार्च, रविवार

सांगितलं.

दोन्ही हब पिशवीत घालून नेले. सुशिलाबाई पाणी घेऊन आल्या, त्यांना म्हटलं थांबा, तुम्हीही ऐका. बाजेवर त्याच्यापुढे हब ठेवले. उजवीकडचा कोणता, डावीकडचा कोणता, आणि डिसेंबरात मी कसे बसवले. नट दोन बोटं सरकला तेही सांगितलं. बोलताना त्याच्याकडे पाहिलं नाही. आट्यांकडे पाहत होतो.

त्याने हब हातात घेतला. आट्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मला वाटलं आता फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. तो सुशिलाबाईंकडे वळला. म्हणाला, "आयकलं का? खड्डा नव्हता. दिसते मले!" आणि रडायला लागला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, नाक पुसत, हब छातीशी धरून. सुशिलाबाईही रडल्या. मी बसून राहिलो.

मग दुर्गेशला बोलावलं. त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्याने मान खाली घातली, आत गेला आणि किल्ली आणून बाजेवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा हक्क आहे.

योगराज जेवला. माझ्यासमोर, भात आणि तुरीची आमटी, वर दोनदा मागून घेतली. जेवताना जुना योगराज बोलू लागला. म्हणाला, केवळराम सर चुकले, हे पाहायलाच वाचलो मी. यंदाची धुलाई तुझ्याकडे, गाडी नसली तरी स्कूटर धुवायची. ट्रायम्फ जाणार म्हणून सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे, माणसंही जातात. मला रडू आवरेना. इतक्या सहज सोडून देईल असं मी एकोणपन्नास दिवसांत एकदाही धरलं नव्हतं.

निघताना वॉकर धरून दारापर्यंत आला. तिथे म्हणाला, "एक विचारू का? आमगाव सुटल्यावर मागून खडखड लागली होती. मी हॉर्न देऊन राहिलो होतो तुले. तुले आयकू नाही आला काय गा?"

मी म्हटलं, नाही. सायलेन्सर फुटका आहे माझा, काहीच ऐकू येत नाही.

"तेच म्हणलं मी," तो म्हणाला. "नाही तं तू थांबला असता." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

४ मार्च, सोमवार

ऐकू आला होता. आधी एकदा, मग सलग. आरशात तो हात बाहेर काढून हलवतानाही दिसला. मला वाटलं, वाट मागतोय. मी पाय आणखी दाबला.