त्या बेनचा आकडा

सर, आज लॅबमधल्या नव्या मुलीने विचारलं, कॉम्प्युटर सगळं छापून देतो, मग आपण आकडे मोठ्याने का वाचतो? मी म्हटलं, आमच्या सरांची शिस्त. तिला ते म्हातारीचं खूळ वाटलं असणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता "मुद्द्यावर ये" म्हणून कुणी टोकणार नाही.

तुमची शिस्त अशी, की एकाने मशीनवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा आणि लिहिलेला पुन्हा वाचून दाखवायचा. लॅबमध्ये माणसं दोनच, तुम्ही आणि मी. दिवसभर भजनी मंडळासारखे एकमेकांना आकडे ऐकवायचो. एकदा बाहेर बाकावर बसलेल्या एका काकांनी स्वतःची साखर ऐकली आणि हातातला पेढा मुकाट पिशवीत ठेवला. मग ते हार्मोनचं परदेशी मशीन आलं. बडोद्यात तेव्हा अशी मशीनं मोजकीच. खंडेनवमीला तुम्ही त्याला हळदकुंकू वाहिलंत, आणि कंपनीचा इंजिनिअर वॉरंटीच्या काळजीने रडकुंडीला आला. तुम्ही त्यालाही प्रसाद दिलात.

मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांचं रक्त त्या मशीनवर यायचं. इंजेक्शनं देऊन स्त्रीबीजं वाढवायची आणि दर दिवसाआड रक्तातलं इस्ट्रॅडायॉल हे हार्मोन मोजायचं. तुम्ही मला समजावलं होतंत की आकडा वाढला तर चांगलं, पण फारच वाढला तर घात. मग बीजं पिकवायचं शेवटचं इंजेक्शन दिलं की पोटात पाणी भरतं, रक्त दाट होतं, बाईच्या जिवावर बेतू शकतं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मीही त्या बायकांत सामील झाले. घरी सासूबाईंना पत्ता नव्हता, आणि तुम्हाला कळलं असतं तर मी लाजेने मेले असते. पण तपासणी तर आपल्याकडेच येणार. म्हणून डॉक्टरांकडे मी एका बेनचं नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत गुजराती आडनाव लावून. वयही खोटं टाकलं. पत्ता मात्र हाताच्या सवयीने समा भागातल्या माझ्याच सोसायटीचा पडला. त्यात दर दिवसाआड माझ्या कोपरापाशी कापसाचा बोळा चिकटलेला. एवढी मी हुशार.

दसरा होऊन गेला होता. त्या दुपारी बेनचा आकडा मशीनच्या हद्दीबाहेर गेला. असं झालं की सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, पाचपट पातळ करायचं आणि येईल त्या आकड्याला पाचने गुणायचं. मी पातळ केलं, आकडा आला, मनात गुणला, तर तो फारच मोठा. हा आकडा डॉक्टरांकडे गेला की संध्याकाळचं इंजेक्शन रद्द, म्हणजे सगळ्या सुया, सगळी लपवाछपवी फुकट. नवरा वाघोडियाच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून निघालाही होता. मोठ्याने वाचताना मी तो गुणलाच नाही. होता तसा खणखणीत वाचला. तुम्ही लिहिलात, वाचून दाखवलात, मी मान डोलावली.

मग तुम्ही उठलात, रॅकमधली ती पातळ केलेली नळी खिडकीच्या उजेडात धरलीत आणि विचारलंत की हे सीरम आहे की पंगतीतलं शेवटचं ताक. तुम्ही रजिस्टरात कधी खाडाखोड करत नव्हता, त्या दिवशी केलीत. आकडा खोडून पाचने गुणलात आणि फोन उचललात.

"साहेब, ए बेननुं आजनुं इंजेक्शन रहेवा दो."

मला रडू फुटलं. "सर, त्या बाईला मूल हवंय हो," मी म्हटलं, "नऊ वर्षं झाली."

तुम्ही चष्मा पुसलात. "त्या बेनला मी ओळखत नाही," म्हणालात. "पण ती मला जिवंत हवी आहे. उद्या कामावर."

पुढे तुम्ही नाटक काही सोडलं नाहीत. बेनला म्हणावं ताकात मीठ घालून पी. बेनला म्हणावं जिने चढू नकोस. रोज सकाळी मला वजनकाट्यावर उभं करायचात, बेनचा अंदाज यावा म्हणून. रक्त दाट होतंय का ते बघायला माझंच रक्त, बेनच्या नावावर, माझ्याकडूनच तपासून घेतलंत आणि आकडाही मलाच वाचायला लावलात. चार दिवस पोट फुगून राहिलं, मग उतरलं. ते इंजेक्शन घेतलं असतं तर काय झालं असतं, हे मला आज नीट कळतं. तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी डोस कमी करून पुन्हा उपचार केले. त्या वेळी आकडा तुम्ही वाचत होता आणि तुमचाच आवाज अडकला. मी म्हटलं, मोठ्याने वाचा, सर. मुलगी झाली. मी पेढे घेऊन आले तर तुम्ही दोन खाऊन विचारलंत, "बेन मजामां ने?"

गोत्रीच्या तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, तेव्हा हे पत्र माझ्या ड्रॉवरमध्येच जाईल. एक सांगायचं राहिलं. त्या पहिल्या वर्षी दिवाळीत मी तुमच्याकडे फराळाला आले नाही, ताप आहे म्हणून कळवलं. तुम्ही गोत्रीहून समाला स्कूटरवर आलात. तापाच्या गोळ्या आणि काकूंच्या चकल्यांचा डबा माझ्या नवऱ्याच्या हातात दिलात आणि दारातूनच परत फिरलात. मी आतून पडद्याआड उभी राहून बघत होते. ताप नव्हता, सर. माझं मूल तुम्ही हिरावून घेतलंत असं वाटत होतं, आणि तुमचं तोंड बघायचं नव्हतं. चकल्या मात्र मी एकटीने संपवल्या.